भिंती उंच झाल्या, जमीन मात्र खचतेच आहे : कॅटरिनानंतरचे न्यू ऑर्लिन्स

२९ ऑगस्ट २००५ रोजी कॅटरिना चक्रीवादळ अमेरिकेच्या लुइझियाना राज्याच्या किनाऱ्यावर धडकले आणि न्यू ऑर्लिन्स शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. या आपत्तीत एकूण १,३९२ माणसे दगावली, असा सुधारित आकडा अमेरिकेच्या राष्ट्रीय हरिकेन केंद्राने २०२३ मध्ये दिला. शहर बुडाले ते प्रामुख्याने पूररक्षक बांध आणि भिंती ५० हून अधिक ठिकाणी फुटल्यामुळे. सतराव्या रस्त्याच्या कालव्यावरची भिंत तर पाणी माथ्यापर्यंत पोचण्याआधीच कोसळली, कारण तिच्या पायाखालचा चिकणमातीचा थर कमकुवत होता आणि जमिनीत ठोकलेले पोलादी पत्रे पुरेसे खोल गेलेले नव्हते. रचनेतच दोष होता, हे बांधांची जबाबदारी असलेल्या लष्करी अभियंता विभागाने २००६ मध्ये मान्य केले. म्हणून कॅटरिनाला केवळ नैसर्गिक आपत्ती म्हणणे मला अपुरे वाटते.

त्यानंतर सुमारे १,४५० कोटी डॉलर खर्चून शहराभोवती नवी संरक्षण व्यवस्था उभारली गेली. पूर्वेला बोर्न सरोवराच्या बाजूने येणारे उधाण अडवण्यासाठी जवळजवळ तीन किलोमीटर लांब आणि सुमारे आठ मीटर उंच भिंत बांधली गेली. शहरात शिरणाऱ्या कालव्यांच्या मुखाशी दरवाजे आणि पंप बसले. जहाजांसाठी खणलेला आणि खारे पाणी आत आणून किनाऱ्यावरची सायप्रसची जंगले मारणारा एक जलमार्ग २००९ मध्ये दगडांचा बांध घालून बंद करण्यात आला. या व्यवस्थेची मोठी परीक्षा २०२१ मध्ये झाली. तारीख पुन्हा २९ ऑगस्टच होती. त्या दिवशी आलेले आयडा हे वादळ किनाऱ्यावर येताना कॅटरिनाहून अधिक वेगवान वाऱ्यांचे होते. तरीही बांध टिकले. बांधांच्या बाहेर असलेल्या लाप्लास गावात मात्र पाणी घरांत शिरले. शहराला वीज पुरवणाऱ्या आठही उच्चदाब वाहिन्या बंद पडल्या आणि पुढच्या दिवसांत अंधारलेल्या घरांमधील उकाड्याने माणसांचा बळी घेतला.

ही व्यवस्था ‘शंभर वर्षांतून एकदा’ येणाऱ्या वादळासाठी आखलेली आहे, आणि हा शब्दप्रयोग फार दिशाभूल करतो. असे वादळ एकदा येऊन गेले की पुढची शंभर वर्षे निर्धास्त, असा त्याचा अर्थ नाही. तसे वादळ येण्याची शक्यता दर वर्षी एक टक्का आहे, एवढेच तो सांगतो. एखाद्या कुटुंबाने तीस वर्षांच्या कर्जावर घर घेतले, तर कर्ज फिटेपर्यंत तसे किंवा त्याहून मोठे वादळ किमान एकदा येण्याची शक्यता २६ टक्के, म्हणजे चारात एकापेक्षा थोडी अधिक होते. नेदरलँड्सने आपल्या दाट वस्तीच्या किनारपट्टीसाठी दहा हजार वर्षांतून एकदाचा निकष धरला होता. इतका मोठा विध्वंस सोसलेल्या शहरासाठी शंभर वर्षांचा निकष ठरवणे हा पैशांचा हिशेब होता, विज्ञानाचा निष्कर्ष नव्हे.

खरा पेच भिंतींच्या आतल्या जमिनीत आहे. जुने न्यू ऑर्लिन्स मिसिसिपी नदीने पुराच्या गाळातून रचलेल्या उंचवट्यांवर वसले होते. मागे दलदल होती. विसाव्या शतकाच्या आरंभी बाल्डविन वूड या अभियंत्याने मोठ्या क्षमतेचे पंप तयार केले आणि दलदल उपसून तिथे वस्त्या उभ्या राहिल्या. त्या जमिनीत कुजलेल्या वनस्पतींचे जाड थर होते. पाण्याखाली असेपर्यंत ते टिकून होते. पाणी उपसल्यावर त्यांत हवा शिरली, सेंद्रिय भाग हळूहळू जळाल्यासारखा नाहीसा झाला आणि जमीन आक्रसत खाली गेली. आज शहराचा सुमारे निम्मा भाग समुद्रसपाटीच्या खाली आहे आणि शहराचा आकार परातीसारखा खोलगट झाला आहे. परातीत पडलेले पावसाचे पाणी आपोआप वाहून जात नाही, ते उपसावे लागते. उपसले की भूजल उतरते आणि जमीन आणखी खचते. ज्या उपायाने वस्ती शक्य झाली, त्याच उपायाने तिचा धोका वाढत नेला.

या पेचाचे दर्शन ५ ऑगस्ट २०१७ रोजी घडले. त्या दिवशी चक्रीवादळ नव्हते, नुसता मुसळधार पाऊस होता. पण अनेक पंप नादुरुस्त असल्याने शहराच्या मोठ्या भागात पाणी साचले. काही पंप अजूनही २५ हर्ट्झच्या जुन्या पद्धतीच्या विजेवर चालत होते, जी बाहेरच्या विद्युतजालातून थेट मिळत नव्हती आणि मुख्यतः शहराच्याच जुन्या टर्बाइनांवर निर्माण करावी लागत असे. समुद्र अडवणारी अतिभव्य भिंत या पावसापुढे निरुपयोगी होती. म्हणूनच काही नियोजनकार पाणी घाईने बाहेर फेकण्याऐवजी बागांत, मैदानांत आणि रस्त्यांकडेच्या खोलगट पट्ट्यांत काही काळ साठवून जमिनीत मुरू द्यावे, असे सांगत आले आहेत. जेंटिली या भागात तशा कामांसाठी २०१६ मध्ये केंद्र सरकारने १४.१ कोटी डॉलर मंजूर केले. कामे मात्र फार संथपणे पुढे सरकली, आणि ही दिरंगाई मला भिंतीतल्या भेगेइतकीच गंभीर वाटते.

शहर सावरले का, या प्रश्नाचे उत्तर मोहल्ल्यागणिक बदलते. २००० च्या जनगणनेत ४,८४,६७४ असलेली लोकसंख्या २०२० मध्ये ३,८३,९९७ होती. घरे पुन्हा बांधण्यासाठी दिलेली सरकारी मदत बराच काळ वादळापूर्वीची घराची किंमत आणि दुरुस्तीचा खर्च यांतील कमी रकमेवरून ठरत असे. कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांत घरांच्या किमती आधीच कमी असल्याने तितकेच नुकसान झालेल्या कुटुंबाला तिथे कमी पैसे मिळाले. लोअर नाइन्थ वॉर्ड या प्रामुख्याने कृष्णवर्णीय वस्तीतील मोकळे राहिलेले भूखंड पाहताना हे सूत्र लक्षात ठेवले पाहिजे.

बांधांच्या पलीकडे किनारा झिजतो आहे. नदीला बांध घातल्यापासून तिचा गाळ त्रिभुज प्रदेशावर पसरत नाही. तेलवाहिन्यांसाठी आणि जहाजांसाठी खणलेल्या कालव्यांनीही दलदलीचे लचके तोडले. १९३२ ते २०१६ या काळात लुइझियानाच्या किनाऱ्याने ४,८०० चौरस किलोमीटरहून अधिक जमीन गमावली. रुंद, सलग पाणथळ प्रदेश उधाणाचा जोर काही प्रमाणात शोषतो. तो नाहीसा झाला की लाट भिंतीपर्यंत अधिक उंचीने पोचते. मिसिसिपीचा गाळ बाराटारिया या पाणथळ खोऱ्यात वळवून नवी जमीन घडवण्याचा सुमारे ३०० कोटी डॉलरचा प्रकल्प २०२३ मध्ये सुरू झाला होता. वाढता खर्च आणि गोड्या पाण्यामुळे ऑयस्टर (खाण्याचे शिंपले) व कोळंबीच्या मासेमारीवर येणारे संकट, ही कारणे देत राज्य सरकारने तो जुलै २०२५ मध्ये रद्द केला. मासेमारांची भीती खोटी नव्हती. पण गाळाशिवाय त्या पाणथळींना भवितव्य नाही. दरम्यान मातीचे बांध स्वतःच्या वजनाने खचत आहेत आणि समुद्राची पातळी वाढते आहे, त्यामुळे शंभर वर्षांचा निकष टिकवायचा तर ते पुन्हा उंच करावे लागतील, असे लष्करी अभियंता विभागाने २०१९ मध्येच जाहीर केले आहे.