मुठीतून सुटलेला शब्द

अठराव्या शतकातला इंग्लंडचा शेतकरी गळ्यात बियांची टोपली अडकवून नांगरलेल्या रानात उतरायचा आणि चालता चालता मूठमूठ बी दोन्ही अंगांना उधळायचा. या पेरणीला शब्द होता ‘ब्रॉडकास्ट’. ब्रॉड म्हणजे रुंद, कास्ट म्हणजे फेकलेलं. आपल्याकडे यालाच बी फोकणं म्हणतात.

फोकलेल्या बियांचा नेम नसतो. कुठे दाटी, कुठे टक्कल. उघड्यावर पडलेलं पाखरं टिपतात आणि खुरपायला ओळ सापडत नाही. म्हणूनच जेथ्रो टल या इंग्रज शेतकऱ्याने १७०१च्या सुमारास ओळीत बी सोडणारं पेरणीयंत्र बनवलं. (चाड्यावर मूठ धरून तिफणीने पेरणाऱ्यांना यात नवल वाटायचं कारण नाही.)

मग बिनतारी संदेश आले. मार्कोनीच्या काळात त्यांचं काम तारेसारखंच होतं: जहाजावरून किनाऱ्याला, एकाकडून एकालाच निरोप. पण लहरी चहूकडे पसरतात, वाटेतला कुणीही त्या ऐकू शकतो. तेव्हा ही मोठी खोट वाटे. १९२०च्या आसपास तीच खोट कामाला आली. २ नोव्हेंबर १९२० रोजी पिट्सबर्गच्या केडीकेए केंद्राने अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीचे निकाल जो ऐकेल त्याच्यासाठी हवेत सोडले. १९२२मध्ये लंडनला ‘ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कंपनी’ निघाली. २३ जुलै १९२७ला इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं मुंबई केंद्र सुरू झालं. शेतातला शब्द कंपन्यांच्या पाटीवर चढला होता.

उपमा बऱ्यापैकी नेमकी आहे. मोकळ्यावर सगळीकडे सारख्या पसरणाऱ्या लहरीची तीव्रता अंतर दुप्पट झालं की चौथाई होते. प्रक्षेपकाची बहुतेक ऊर्जा कुठल्याच अँटेनावर न पडता वाया जाते, खडकावर पडलेल्या बियांसारखी. फरक एकच, पण तो मोठा आहे. चिमणीने टिपलेला दाणा संपला. रेडिओ संच मात्र लहरीतला इतका नगण्य अंश घेतो की शेजारच्याने आपला संच लावला म्हणून तुमचं गाणं काही बारीक होत नाही.

गंमत म्हणजे आपल्या ‘प्रक्षेपण’ शब्दातही ‘क्षिप्’, म्हणजे फेकणं, हाच धातू आहे. फेक राहिली, बी तेवढं गळालं.

फोकणी अजून चालू आहे, तुमच्या घरातही. मोबाइल नव्या वायफायला जोडला की त्याला नेटवर्कवरचा स्वतःचा पत्ता कोणाकडे मागायचा हेच ठाऊक नसतं. मग तो विनंती घेणाऱ्याच्या ४८ बिटांच्या (म्हणजे ० किंवा १ च्या ४८ घरांच्या) पत्त्याच्या जागी सगळे १ भरून विनंती सोडतो. याचा अर्थ, ‘जो कोणी असेल त्याला’. या पत्त्याचं अधिकृत नावच ब्रॉडकास्ट. घरातला टीव्ही, लॅपटॉप, प्रिंटर यांच्यापर्यंत ती विनंती पोचली तरी ते ती सोडून देतात. उगवते ती एकट्या राउटरपाशी.