जुळे उंदीर, जुळी प्रतिपिंडे?

'प्रयोगशाळेतले बाल्ब-सी उंदीर पिढ्यान्‌पिढ्या भावंडांच्या संकरातून आलेले, जनुकांनी एकमेकांची नक्कलच. मग त्यांची प्रतिपिंडेही (जंतूंना चिकटणारी संरक्षक प्रथिनं) सारखीच असणार,' हे अजून सर्रास ऐकू येतं. ऐकायला पटतं, पण ते चूक आहे.

वारशात तयार प्रतिपिंडाचं जनुक मिळतच नाही, मिळतात ते सुटे तुकडे. प्रतिपिंडाच्या दोन प्रकारच्या साखळ्यांपैकी मोठीसाठी, म्हणजे जड साखळीसाठी, 'व्ही', 'डी' आणि 'जे' असे तुकड्यांचे तीन प्रकार. उंदरात कामाचे 'जे' तुकडे अवघे 4, 'व्ही' मात्र शंभराच्या आसपास. प्रतिपिंडं बनवणारी प्रत्येक बी-पेशी या तुकड्यांची आपली जुळणी स्वतंत्रपणे करते. सांध्यावर डीएनएची काही अक्षरं खुडली जातात, काही नवी घुसवली जातात, तीही यदृच्छेनं. डीएनएची ही फेरजुळणी सुसुमु तोनेगावा यांनी 1976 मध्ये उंदरांतच दाखवली. 1987चं नोबेल त्याच कामाचं.

मग गैरसमज टिकला कसा? टी-15 नावाच्या एका खुणेमुळे, असं मला वाटतं. न्यूमोकोकस या जिवाणूच्या भित्तिकेवरच्या फॉस्फोरिलकोलीन या रेणूविरुद्ध बाल्ब-सीमध्ये बहुतेक प्रतिपिंडांवर हीच एक खूण, म्हणजे इडिओटाइप, दिसते. कारण एक ठरावीक जुळणी या रेणूला इतकी चपखल बसते की तिच्याच पेशी निवडीत पुढे सरकतात. दुसरा प्रतिजन (प्रतिपिंडं ज्याला चिकटतात तो परका पदार्थ) टोचा, चित्र बदलतं; अनेकदा पिंजऱ्यातल्या शेजाऱ्याशीही खुणा जुळत नाहीत.