गोळीलाही पीळ लागतो

भाचा टेक्सासला असतो. मध्यंतरी त्यानं व्हॉट्सॲपवर एका कागदी टार्गेटचा फोटो पाठवला. पॉइंट टू-टू, म्हणजे ०.२२ इंची नळीच्या रायफलनं पन्नास मीटरवरून मारलेल्या दहा गोळ्या. भोकं गोल हवीत, ती होती लांबट. दोन ठिकाणी तर गोळी कागदावर चक्क आडवी धडकली होती, तिची अख्खी आकृती उमटली होती. खाली प्रश्न: "मामा, बॅरल गेली का?"

बॅरल, म्हणजे रायफलची नळी, चांगली होती. बदलली होती गोळी. नेहमीची ४० ग्रेनची, म्हणजे २.६ ग्रॅमची सोडून त्यानं ६० ग्रेनची आणली होती. जड गोळी वाऱ्यानं कमी ढळेल असा त्याचा विचार.

"तिला पीळ कमी पडतोय रे," मी लिहिलं.

मी सोलापुरात सूतगिरणीच्या टेस्टिंग खात्यात नोकरी केली, त्यामुळे ही भाषा माझ्या तोंडी बसली आहे. सुताचा तुकडा यंत्राच्या दोन चिमट्यांत धरायचा आणि उलटा फिरवत तंतू मोकळे होईपर्यंत फेरे मोजायचे. २० नंबरच्या सुताला इंचाला साधारण १८ पीळ, ४० नंबरला २५. सूत बारीक झालं की पीळ वाढवायचा, नाहीतर ते रिंग फ्रेमवर, म्हणजे सूत कातायच्या यंत्रावर, तुटत राहतं.

रायफलच्या नळीतही पीळच असतो. आतल्या भिंतीवर नागमोडी नव्हे, तर जिन्यासारख्या गोल चढत जाणाऱ्या खोबणी कोरलेल्या असतात. गोळी त्यांत घट्ट बसून फिरत बाहेर पडते. फक्त हिशेब उलटा. सुतात आपण एका इंचाला किती पीळ ते मोजतो, बॅरलमध्ये एका पिळाला किती इंच ते. १:१६ म्हणजे सोळा इंच पुढे सरकताना एक पूर्ण फेरा. आकडा जितका लहान, तितका पीळ घट्ट. नवख्यांचा गोंधळ बहुतेक वेळा इथेच होतो.

भाच्याची रायफल १:१६ची असणार, कारण पॉइंट टू-टूला सर्रास हाच पीळ असतो. ४० ग्रेनची गोळी सेकंदाला साधारण ३३० मीटर वेगानं निघते. सोळा इंच म्हणजे ४०६ मिलिमीटर. भागाकार केला की सेकंदाला सुमारे ८१० फेरे येतात, मिनिटाला ४८ हजारांच्या वर. आमच्या रिंग फ्रेमची चाती मिनिटाला पंधरा-वीस हजार फेऱ्यांवर चालायची, तेव्हा तिचा आवाज अख्ख्या खात्यात भरून राहायचा.

एवढं फिरवायचं कशासाठी? टोकदार गोळीचं वजन मागच्या जाड भागात जास्त असतं. हवेचा दाब मात्र नाकाशी, वजनाच्या मध्याच्या पुढे येऊन पडतो. त्यामुळे हवा सतत तिचं नाक वर उचलून तिला उलटवू पाहते. बाणाला मागे पिसं असतात, ती त्याला सरळ ठेवतात. बॅडमिंटनच्या फुलाचं वजन पुढे आणि पिसारा मागे असतो, म्हणून तेही आपोआप सरळ होतं. गड्ड्याच्या जत्रेत फुगे फोडायच्या एअरगनचा छर्रा याच जातीचा: कंबर बारीक, मागची बाजू पोकळ झग्यासारखी. त्याला पीळ थोडा कमी-जास्त झाला तरी तो उलटत नाही. रायफलच्या भरीव गोळीला असा पिसारा नाही. तिच्याकडे भोवऱ्याचा एकच उपाय आहे. फिरणारा भोवरा गुरुत्वाकर्षणानं लगेच पडत नाही, नुसता डोलत राहतो. गोळीही हवेच्या रेट्यानं उलटण्याऐवजी किंचित डोलते आणि सरळ जाते. फिरकी कमी पडली की भोवऱ्यासारखीच कोलमडते.

आता खरा मुद्दा. बाजारात सगळे म्हणतात, जड गोळीला घट्ट पीळ हवा. हे अर्धंच खरं आहे. पीळ मागते ती गोळीची लांबी. एकाच जाडीची गोळी जड करायची तर ती लांबच करावी लागते, म्हणून वजनावर बोट ठेवलं जातं.

याचा उत्तम पुरावा आपल्याच इतिहासाच्या काठावर आहे. १८५७ साली ज्या काडतुसांवरून भडका उडाला, ती एनफिल्ड रायफलची होती, १८५३च्या बनावटीची. तिची जवळजवळ ३४ ग्रॅमची गोळी आजच्या मानानं अजस्र, तरी पीळ होता १:७८. नळीच जेमतेम ३९ इंचांची, म्हणजे गोळी आत अर्धाच फेरा घ्यायची. त्याच दशकात इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थ या यंत्रकारानं षट्कोनी नळीची रायफल बनवली. गोळीचं वजन जवळपास तेच, पण नळीचं आतलं भोक .५७७ इंचावरून .४५१वर आणलेलं, त्यामुळे गोळी सडसडीत आणि लांब. तिला पीळ द्यावा लागला १:२०. वजन हलकं-भारी झालं नाही, लांबी वाढली, आणि पीळ जवळजवळ चौपट घट्ट झाला. चाचण्यांत व्हिटवर्थनं एनफिल्डला लांबच्या पल्ल्यावर खूप मागे टाकलं. ही तुलना मला फार आवडते. इतका स्वच्छ प्रयोग मुद्दाम मांडूनही मिळणार नाही.

याचं सूत्र १८७९ साली जॉर्ज ग्रीनहिल या गणितज्ञानं दिलं आणि ते आजही पहिल्या अंदाजाला चालतं. गोळीच्या जाडीचा वर्ग करा, १५०नं गुणा, लांबीनं भागा. आलं ते एका फेऱ्याचं अंतर. फार वेगवान गोळ्यांसाठी १५०च्या जागी १८० घेतात. ४० ग्रेनची गोळी ५.६६ मिलिमीटर जाड आणि साडेअकराच्या आसपास लांब असते. उत्तर येतं ४१८ मिलिमीटर, म्हणजे साडेसोळा इंच. कारखानदार १:१६ का ठेवतात ते कळलं.

भाच्याच्या गोळीत २० ग्रेन शिसं जास्त. जाडी वाढवता येत नाही, म्हणून माझ्या हिशेबानं लांबी सुमारे साडेचार मिलिमीटरनं वाढते. सूत्रात घातली की पीळ निघतो बारा इंचांच्या आत. प्रत्यक्षात अशा गोळीला १:९ची बॅरल घेतात, कारण काठावरची फिरकी भरवशाची नसते. फिरकी अर्धी झाली तर स्थैर्य अर्धं होत नाही, एक चतुर्थांश होतं. इथे वर्गाचा हिशेब लागतो.

धातूही बदलला तर पुन्हा लांबी बदलते. तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून त्याच जाडीची, त्याच वजनाची निव्वळ तांब्याची गोळी साधारण सव्वापट लांब होते. खोक्यावरचं वजन तेच वाचून बॅरल निवडणारा इथे हमखास फसतो.

हवेचाही हात आहे. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरवर. मे महिन्यात ४२ अंशांच्या दुपारी एक घनमीटर हवा सुमारे १.०६ किलो भरते. डिसेंबरच्या पहाटे १.१७. शून्याखाली तीस अंशांवर समुद्रकाठी ती १.४५ होते. हवा दाट झाली की उलटवणारा रेटा त्याच प्रमाणात वाढतो. अमेरिकेच्या सुरुवातीच्या एम-१६ रायफलींचा पीळ १:१४ होता, गोठवणाऱ्या थंडीत गोळ्या डगमगू लागल्यावर तो १:१२ केला गेला. आमच्या उन्हात काठावर तरलेली गोळी तिथे तरली नसती.

मग सगळ्यांनाच घट्ट पीळ का देऊ नये? सुताला जास्त पीळ दिला की ते गाठी मारतं, कडक होतं, तुटतं. गोळीचं दुखणं वेगळं आहे. कुठलीच गोळी अगदी समतोल नसते. समजा वजनाचा मध्य अक्षापासून फक्त ०.०१ मिलिमीटर सरकलाय. ८१० फेऱ्यांवर नळीतून सुटताना तिला सेकंदाला ५ सेंटिमीटरचा आडवा झोका मिळतो, आणि पन्नास मीटरवर ती ८ मिलिमीटर बाजूला पडते. पॅरिसला २०२४ साली कोल्हापूरच्या नेमबाज स्वप्नील कुसाळेनं ज्या अंतरावर कांस्यपदक मिळवलं, तिथलं दहाचं वर्तुळच १०.४ मिलिमीटर व्यासाचं. पीळ दुप्पट केला तर हा झोकाही दुप्पट. म्हणून स्पर्धेच्या रायफलीत गोळीला पुरेल एवढाच पीळ, वर थोडी राखीव. वेगवान रायफलीत १:७वर गोळी मिनिटाला तीन लाखांहून जास्त फेरे घेते. पातळ पत्र्याचं आवरण असेल तर ती हवेतच फुटते.

भाच्याला मी पीळ मोजायला लावला. रायफल रिकामी केलेली दोनदा तपासायची, बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता दांडा, काढून ठेवायचा. साफसफाईच्या सळीला घट्ट बसेल असं फडकं लावायचं, सळीवर खूण करायची, आणि हलक्या हातानं आत ढकलत खूण एक पूर्ण फेरा फिरून वर येईपर्यंत सळी किती सरकली ते पट्टीनं मोजायचं. टेस्टिंग खात्यातलं तेच काम, फक्त सुताच्या जागी नळी.

रात्री त्याचा निरोप आला. "सोळा इंच, मामा. थोडं कमीच." त्याखाली दुसरा फोटो होता, जुन्या ४० ग्रेनच्या खोक्यातल्या दहा गोळ्यांचा. दहाही भोकं गोल.