हेवी मेटलची ब्लूजमधली पाळंमुळं

हेवी मेटल, म्हणजे रॉक संगीताचा जड, कर्कश गिटारचा प्रकार, साधारण १९६८ ते १९७० च्या दरम्यान इंग्लंडमध्ये आकाराला आलं, आणि ज्या पोरांनी ते उभं केलं ती जवळपास सगळी आधी ब्लूजच वाजवत होती. ब्लॅक सॅबथ या बँडचं पहिलं नाव पोल्का टल्क ब्लूज बँड, नंतर नुसतं अर्थ, आणि बर्मिंगहॅमच्या स्टेशन स्ट्रीटवर क्राउन नावाच्या पबात हेन्रीज ब्लूजहाउस म्हणून जागा होती तिथे ते वाजवायचे. जुडास प्रीस्ट या बँडची सुरुवातही ब्लूज रॉकनेच झाली. लेड झेपलिन बँडचा १९६९ चा पहिला अल्बम घ्या, त्यात शिकागोच्या ब्लूज गीतकार विली डिक्सनची दोन गाणी आहेत. त्यामुळे मेटलवर ब्लूजचा ‘प्रभाव’ आहे म्हणणं मला कमीच वाटतं, मेटल ब्लूजच्या पोटातूनच बाहेर आलंय.

ब्लूज हे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या काळ्या लोकांचं गाणं, मिसिसिपीतल्या कापसाच्या शेतांवर राबणाऱ्यांचं. ही माणसं कामाच्या शोधात शिकागोला गेली तेव्हा गाणंही सोबत गेलं आणि तिथल्या गोंगाटाच्या क्लबांमध्ये ऐकू जावं म्हणून गिटारला वीज जोडली गेली. शिकागोचा ब्लूज गायक मडी वॉटर्स १९५८ मध्ये इलेक्ट्रिक गिटार घेऊन इंग्लंडला गेला तेव्हा शांत अकूस्टिक ब्लूजची अपेक्षा ठेवून आलेले बरेच लोक त्या आवाजाने दचकले होते. मग १९६२ पासून अमेरिकन फोक ब्लूज फेस्टिव्हलचे युरोप दौरे सुरू झाले, त्यातल्या मँचेस्टरच्या कार्यक्रमाला जिमी पेज प्रेक्षकांत बसला होता, तोच ज्याने पुढे झेपलिन काढलं.

आता सुरांचं बघू, कारण खरी गंमत तिथे आहे आणि आपल्याला सरगममधून ती लगेच कळते. ब्लूजचं गिटार मुख्यतः पाच सुरांवर चालतं, सा, कोमल ग, म, प, कोमल नी, म्हणजे आपल्या धानी रागाचेच सूर. राग म्हणून दोन्हींचं काही नातं नाही, चलन पूर्ण वेगळं, पण सूर तेच. त्यात ब्लूजवाले मध्येच तीव्र मध्यम लावतात, आणि गंधार कोमल-शुद्धच्या मधे कुठेतरी तार ताणून, मींड घेतल्यासारखा ओढतात. डीप पर्पल बँडच्या १९७२ च्या ‘स्मोक ऑन द वॉटर’ची जगप्रसिद्ध रिफ, म्हणजे गाण्यात पुन्हा पुन्हा येणारा गिटारचा छोटा तुकडा, गाऊन बघा, सा ग म, सा ग तीव्र म शुद्ध म, सा ग म, ग सा, सगळे ग कोमल. म्हणजे ब्लूजचे सूर जसेच्या तसे, फक्त वाजवायची पद्धत जड.

ब्लॅक सॅबथच्या पहिल्या अल्बमचं शीर्षकगीत तर तीनच सुरांवर उभं आहे, सा, वरचा सा आणि तीव्र म. यमनमध्ये तोच तीव्र मध्यम किती गोड लागतो, पण इथे खालच्या सा समोर एकटा, संथ लयीत आणि थरथरवत लावल्यावर अंगावर काटा येतो. सा ते तीव्र म या अंतराला युरोपात सैतानाचं नाव चिकटलेलंच होतं. मात्र ही रिफ सगळी ब्लूजमधून आलेली नाही, बेसवाला गीझर बटलर इंग्रज संगीतकार होल्स्टच्या ‘मार्स’ या ऑर्केस्ट्रा रचनेच्या नादात होता आणि त्याचाही यात वाटा आहे. पण त्याच अल्बमवर गायक ऑझी ऑस्बर्न माउथ ऑर्गन वाजवतो, ‘वॉर्निंग’ नावाचं दुसऱ्या एका ब्लूज रॉक बँडचं लांबलचक गाणं आहे, आणि हे सगळं १९६९ च्या ऑक्टोबरमध्ये एका दिवसात रेकॉर्ड झालं, म्हणजे स्टेजवर रोज जे वाजवत होते तेच टेपवर गेलं.

बरेच लोक ब्लूज म्हटलं की बारा बारच्या (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा एक गट) साच्याकडे बोट दाखवतात. मेटलने तो साचा फार वापरलाच नाही. मेटलचे खरे पूर्वज म्हणजे ती एकाच कॉर्डवर (एकत्र वाजणाऱ्या सुरांवर) रेंगाळणारी ब्लूजची गाणी, हाउलिन वुल्फचं १९५६ चं ‘स्मोकस्टॅक लाइटनिंग’ किंवा मडी वॉटर्सचं १९५५ चं ‘मॅनिश बॉय’, जिथे एक छोटासा तुकडा गाणंभर फिरत राहतो आणि बाकी सगळं त्याच्याभोवती. तीच ती रिफ, आणि मेटलचा सगळा डोलारा रिफवरच उभा आहे.

फाटका, करकरीत आवाजही ब्लूजवाल्यांचाच. वुल्फच्या १९५१ च्या मेम्फिसमधल्या रेकॉर्डिंगवर विली जॉन्सनचं गिटार आधीच फाटतंय. १९६६ मध्ये जॉन मेयॉलच्या ब्लूज बँडसोबत एरिक क्लॅप्टनने लेस पॉल गिटार मार्शल अँपला (अँप्लिफायरला) लावून स्टुडिओतच आवाज एवढा वाढवला की पुढच्या सगळ्या गिटारवाल्यांना तोच टोन हवा झाला. इतका फाटलेला आवाज असला की पूर्ण कॉर्ड गढूळ होते, म्हणून गंधार काढून नुसता सा आणि प ठेवायचा, त्यालाच पॉवर कॉर्ड म्हणतात.

सॅबथचा गिटारवाला टोनी आयोमी याची गोष्ट यात सांगायलाच हवी. १९६५ मध्ये, सतरा वर्षांचा असताना, पत्र्याच्या कारखान्यात नोकरीच्या शेवटच्या दिवशी मशीनमध्ये त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, बँजोच्या हलक्या तारा लावल्या, आणि १९७१ पर्यंत काही गाण्यांसाठी गिटार तीन सेमीटोन, म्हणजे पेटीच्या काळ्या-पांढऱ्या मिळून तीन पट्ट्या, खाली उतरवलं. ब्लूजचे सूर तेच राहिले पण आवाज खोल आणि जड झाला.

शब्दांमध्येही नातं आहे. ब्लूजला चर्चवाले सैतानाचं गाणं म्हणायचे, आणि ब्लूज गायक रॉबर्ट जॉन्सनने १९३७ मध्ये नरकातला कुत्रा आपल्या मागावर असल्याचं गाणं गायलं. सॅबथच्या शीर्षकगीतातला माणूस काळी आकृती बघून देवाकडे मदत मागतो. दोन्हीकडे भीती आहे, सैतानाचं कौतुक नाही.

मेटलने सोडलं ते ब्लूजचं डोलणं. शफल हा तिश्र अंगाचा ठेका, सॅबथच्या बिल वॉर्डच्या ड्रम्समध्ये तो डोल अजून ऐकू येतो कारण तो जॅझ ऐकत वाढलेला, पण सत्तरच्या दशकाच्या शेवटी जुडास प्रीस्टने तो जवळपास पुसला आणि सरळ, वेगवान, टोकदार लय आणली. मेटल ब्लूजपासून वेगळं ओळखू यायला लागलं ते खऱ्या अर्थाने इथून.

एक गोष्ट मात्र खटकते. आपल्याकडे गुरूचं नाव घेताना कलाकार कानाला हात लावतात, चीज कोणाची ते सांगतात. झेपलिनच्या १९६९ च्या ‘होल लॉटा लव्ह’वर डिक्सनचं नावच नव्हतं, शब्द मात्र बरेचसे त्याने लिहिलेल्या आणि मडी वॉटर्सने १९६२ मध्ये गायलेल्या गाण्यातले. डिक्सनने १९८५ मध्ये दावा लावला, १९८७ मध्ये तडजोड झाली, आता त्याचं नाव लागतं. याउलट झेपलिनच्याच ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’वर ब्लूज गायिका मेम्फिस मिनीचं नाव पहिल्यापासून होतं, तिने आणि कॅन्सस जो मॅकॉयने ते १९२९ मध्ये मिसिसिपीच्या १९२७ च्या महापुरावर रेकॉर्ड केलं होतं.

हे नातं एका गिटारमध्येही दिसतं. क्लॅप्टननंतर मेयॉलच्या बँडमध्ये आलेल्या पीटर ग्रीनची लेस पॉल, तिला ग्रीनी म्हणतात. ग्रीनने पुढे फ्लीटवुड मॅक हा बँड काढला, त्याचं ‘द ग्रीन मॅनालिशी’ हे गाणं जुडास प्रीस्टने मेटलमध्ये आणलं, आणि गिटार गिटारवादक गॅरी मूरकडे गेलं. २०१४ पासून ते मेटॅलिका या मेटल बँडच्या कर्क हॅमेटकडे आहे आणि तो ते घेऊन स्टेजवर उतरतो.