जुन्या मोटारीला जास्त कॉम्प्रेशनचं हेड : प्रश्न आधी पेट्रोलचा होता

१९२८ ते १९३१ या काळातल्या फोर्ड मॉडेल एचं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण पिस्टन किती पट दाबतो ते प्रमाण, होतं ४.२२ ला एक. इंजिन ३.३ लिटरचं आणि ताकद ४० हॉर्सपॉवर. आजच्या फिटरला हे सांगितलं तर तो हसतो. फोर्डच्या अभियंत्यांना यापुढे जाता येत नव्हतं असं नाही, त्या वेळचं पेट्रोल त्यांना जाऊ देत नव्हतं.

हवा-पेट्रोलचं मिश्रण जितकं दाबावं तितकं ते तापतं. ठिणगीची ज्वाला पोचायच्या आतच कोपऱ्यातलं मिश्रण आपोआप भडकलं की इंजिन खणखणतं. यालाच नॉकिंग म्हणतात. पिस्टन आणि बेअरिंग यांना ते हळूहळू खातं. पेट्रोलचा दर्जा घसरत होता त्या वर्षांत मॉडेल टीचं कॉम्प्रेशन सुरुवातीच्या ४.५ वरून चारच्याही खाली उतरवलं गेलं, म्हणजे प्रगती उलट्या दिशेने!

यातून दोन वाटा निघाल्या. इंग्लंडमध्ये हॅरी रिकार्डो यांनी साइड व्हॉल्व्ह इंजिनाच्या हेडची, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाची, पोकळीच बदलली. पिस्टन वर येताना मिश्रण घुसळलं जाईल आणि लवकर जळून संपेल असा तिला आकार दिला. त्यामुळे तेच पेट्रोल जास्त दाब सोसू लागलं. दुसरी वाट अमेरिकेतली. डिसेंबर १९२१ मध्ये जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत थॉमस मिजली यांना शिशाचं एक संयुग नॉकिंग थांबवतं असं आढळलं आणि १९२३ पासून ते पेट्रोलमध्ये घालून विकायला लागले. त्याचं विष पुढे सगळ्या जगाने प्यायलं. इंजिनवाल्यांना मात्र रान मोकळं झालं. १९३२ च्या मॉडेल बीला फोर्डने ४.६ कॉम्प्रेशन दिलं, पोलिसांच्या गाड्यांसाठी त्याहून जास्तीचं हेड काढलं, आणि विनफिल्डसारखे बाहेरचे कारागीर शर्यतीसाठी हेडं ओतू लागले. साइड व्हॉल्व्ह इंजिनात हेड म्हणजे निव्वळ झाकण. व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये असतात, त्यामुळे नट खोलले, नवं गॅस्केट टाकलं, हेड बदललं. हेडची पोकळी जितकी लहान तितकं कॉम्प्रेशन जास्त.

फोर्डने १९२६ मध्ये भारतात कंपनी काढली आणि जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत गाड्या जोडायला सुरुवात केली. मराठवाडा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९३७ मध्ये नांदेडला लागून असलेल्या बोधनला निजाम शुगर फॅक्टरी उभी राहिली. संस्थानात पॉवर अल्कोहोल, म्हणजे इंधनात मिसळायचं इथेनॉल, तयार होई आणि ते पेट्रोलमध्ये मिसळलं जाई. अल्कोहोल नॉकिंग दाबतं हे तेव्हाही ठाऊक होतं. स्वतंत्र भारताने १९४८ मध्ये पॉवर अल्कोहोलचा कायदाच केला. म्हणून 'इथेनॉल हे कालपरवाचं खूळ' असं कुणी म्हटलं की मला गंमत वाटते. लातूर-धाराशिव-बीडच्या उसाचा आणि मोटारीच्या टाकीचा संबंध नवा, पण मिश्रणाची कल्पना आजोबांच्या काळातली आहे.

शिसं भारतातून १ फेब्रुवारी २००० ला गेलं. मॉडेल एच्या मालकाने त्याची चिंता करू नये. हे इंजिन शिशाच्या भरवशावर आखलेलंच नव्हतं, आणि ते फिरतंही संथ. आजचं पंपावरचं पेट्रोल किमान ९१ ऑक्टेनचं आहे (ऑक्टेन म्हणजे नॉकिंग न होता दाब सोसण्याचं माप) आणि वीस टक्के इथेनॉलने तो आकडा आणखी वर जातो. साडेपाच किंवा सहाचं हेड या पेट्रोलला कसलंच ओझं नाही. इथेनॉलचा त्रास वेगळाच आहे. मिश्रण पातळ पडतं म्हणून कार्बुरेटरचा जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं छिद्र, किंचित मोठा लागतो, आणि जुने रबरी पाइप फुगतात.

मग अडतं कुठे? तर खाली, क्रँकमध्ये, म्हणजे पिस्टनच्या धक्क्याने फिरणाऱ्या दांड्यात. मॉडेल एचा क्रँक बारीक आहे, त्याला फक्त तीन मेन बेअरिंग आहेत आणि तीही ओतीव व्हाइट मेटलची, म्हणजे मऊ मिश्रधातूच्या पातळ थराची. ४.२२ वरून साडेपाचवर गेलं की कागदावर बारा-तेरा टक्के फायदा दिसतो, चढावर गिअर कमी बदलावे लागतात. पण प्रत्येक स्फोटाचा धक्का त्याच पातळ थरावर बसतो. व्हाइट मेटल कधी ओतलं हे सांगता येत नसेल तर मी साडेपाचचंही हेड बसवणार नाही. सहाचं बसवायचं असेल तर आधी बेअरिंग नव्याने ओतून घ्यावं. स्टिअरिंगवरचा ठिणगीचा खटका मागे ठेवायची, म्हणजे ठिणगी थोडी उशिरा पडू द्यायची, सवयही लागते. छत्रपती संभाजीनगर साधारण ५७० मीटर उंचीवर आहे, हवा किंचित विरळ असल्याने थोडी सवलत मिळते. मात्र मे महिन्यातलं ऊन ती परत घेतं, आणि बोअरच्या जड पाण्याने वॉटर जॅकेटमध्ये, म्हणजे इंजिन थंड करणाऱ्या पाण्याच्या पोकळीत, क्षार धरले असतील तर व्याजासकट घेतं.

हेड मागवण्याऐवजी लेथवर जुनंच घासून आणायची आपल्याकडची रीत स्वस्त खरी. पण एकदा काढलेलं लोखंड परत येत नाही, आणि आधी कुणी किती घासलं ते कळत नाही. एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांचं कॉम्प्रेशन म्हणूनच जुळत नाही.

जीपवाल्यांचं गणित निराळं. विलीज कंपनीच्या जुन्या जीपमधल्या गो-डेव्हिल इंजिनाचं कॉम्प्रेशन ६.४८ होतं. त्यानंतरच्या हरिकेन इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये गेले, साधारण ६.९ हे नेहमीचं आणि ७.४ हा पर्याय. तिथे हेड नुसतं झाकण उरत नाही, बदलायचं म्हणजे व्हॉल्व्ह-रॉकरसह सगळं आलं. आपल्या भागातल्या बहुतेक जीपना केव्हाच डिझेल इंजिन बसलं, त्यामुळे पेट्रोल हरिकेन शाबूत असलेल्याने ते आहे तसंच ठेवावं. २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणीसाठी पन्नास वर्षांवरची गाडी मूळ रूपात असावी लागते, आणि इंजिनात मोठा बदल चालत नाही. फोर्डवाल्यांनीही मूळ हेड भंगारात देऊ नये.