व्ही की डब्ल्यू? आधी ओठांकडे बघा

'वेस्ट' म्हणजे पश्चिम आणि 'व्हेस्ट' म्हणजे बनियन, हे आठवी-नववीच्या मुलांना पाठ असतं. मोठ्याने वाचायला सांगितलं की मात्र दोन्ही शब्द बहुतेकदा एकसारखेच ऐकू येतात. हा आळशीपणा नव्हे. मराठी 'व' म्हणताना खालचा ओठ वरच्या दातांजवळ जातो, पण घट्ट टेकत नाही आणि ओठ गोलही होत नाहीत. इंग्रजीतल्या दोन वेगळ्या ध्वनींच्या मधोमध आपला हा एक 'व' बसतो, म्हणून मुलं दोन्हीकडे तोच वापरतात.

व्हीसाठी वरचे दात खालच्या ओठावर टेकवायचे आणि फटीतून हवा घासत बाहेर सोडायची. 'फॅन'मधला फ बरीच मुलं दात टेकवूनच म्हणतात. तिथूनच सुरुवात करा. बोटं गळ्यावर ठेवून तो फ लांबवायला सांगा आणि तोंड तसंच ठेवून घशातून आवाज काढायला लावा. बोटांना कंप जाणवला की व्ही जमला.

डब्ल्यूत दातांचं कामच नाही. शिट्टी वाजवताना करतो तसा ओठांचा चंबू करायचा, 'ऊ' म्हणायला लागायचं आणि लगेच पुढच्या स्वरावर जायचं: ऊ-एस्ट, वेस्ट.

खरी पंचाईत आपल्या लेखनाने होते. 'व्हीला व्ह, डब्ल्यूला व' असं वर्गात सर्रास सांगितलं जातं. 'व्हॅन' आणि 'वॉच'पुरतं ते ठीक आहे. पण व्हेल मासा, व्हील, व्हाइट यांचं काय? तिथे आपण व्ह लिहितो, कारण स्पेलिंगमध्ये डब्ल्यूनंतर एच आहे. स्कॉटलंडमधले काही लोक त्या एचचा फुत्कार अजून ठेवतात. इंग्लंडमध्ये मात्र बहुतेकांच्या तोंडी तो साधा डब्ल्यूच असतो. म्हणजे व्हेल मासा आणि चेहऱ्यावरचा व्हेल, म्हणजे जाळीदार पडदा, मराठीत अगदी सारखे, इंग्रजीत मात्र पहिला डब्ल्यूचा, दुसरा व्हीचा. शिवाय 'व्हेरी' वाचताना मुलं त्यात हकार घालतात, तो इंग्रजी व्हीत नसतोच. माझं ठाम मत आहे की हा धडा घेताना फळ्यावर देवनागरीत उच्चार लिहूच नयेत.

स्पेलिंगवरही डोळे झाकून विसंबता येत नाही. 'वन'च्या स्पेलिंगमध्ये डब्ल्यू नाही, तरी सुरुवातीला ध्वनी त्याचाच. 'आन्सर'मध्ये अक्षर आहे, पण ते मुकं. आणि ओ-एफ हा दोन अक्षरी शब्द व्हीने संपतो, डबल एफवाला 'ऑफ' फने.

सरावाची सुरुवात कानापासून करावी. शिक्षकांनी तोंडापुढे वही धरून शब्द म्हणायचा; व्ही ऐकू आला तर मुलांनी डावा हात वर करायचा, डब्ल्यूला उजवा. हात चुकेनासे झाले की वही खाली घ्यायची, मग मुलांनी आरशात ओठ बघत बोलायचं. जे कानाला वेगळं लागत नाही ते तोंडातून वेगळं काढून घेण्याचा हट्ट धरला, तर वर्गातली बुजरी मुलं बोलायचंच थांबवतात.