फळ की पळ?

गेल्या महिन्यात पेपरच्या स्थानिक पुरवणीत एका बालवाडीचा कायापालट छापून आला होता. भिंतीभर कार्टून, जिराफाच्या मानेवर उंची मोजायची पट्टी, दारावर मुळाक्षरं, कोपऱ्यात भलामोठा टीव्ही आणि फोटोत फीत कापायला लोटलेली पाच-सहा मोठी माणसं. छपराबद्दल बातमीत अवाक्षर नव्हतं. फोटो जवळ धरून पाहिला तर वर निळा पत्रा दिसला. जन्मभर शाळेत भौतिकशास्त्र शिकवल्याचा परिणाम म्हणा, माझी नजर जिराफ सोडून तिथेच अडकली.

पत्र्याखालची बालवाडी कशी असते ते मला नातीमुळे ठाऊक आहे. आमच्या सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. आणि शाळा, बालवाड्यांचं वर्ष सुरू होतं जूनच्या मध्याला. म्हणजे तीन वर्षांचं पोर घर सोडून पहिल्यांदा चार मुलांत बसतं ते नेमकं वर्षातल्या सगळ्यात गोंगाटाच्या दिवसांत.

एके दिवशी मी नातीला सोडायला गेलो आणि सर कोसळली म्हणून आत थांबलो. ताई हातात आंबा, केळं, फणसाची चित्रं धरून सांगत होत्या, ‘म्हणा, फळ!’ मागच्या चटईवरचा एक मुलगा टुणकन उठला आणि दाराकडे पळत सुटला. सगळी पोरं खिदळली. ताईंनी त्याला धरून आणून खाली बसवलं आणि दोन शब्द सुनावले. मला मात्र वाटलं की एवढ्या मुलांत ऐकल्याबरहुकूम वागणारा तो एकटाच होता. त्याच्या कानावर ‘पळ’ आलं होतं.

हे असं का व्हावं? तोंडापुढे तळहात धरा आणि आधी ‘पळ’, मग ‘फळ’ म्हणून बघा. ‘प’ला ओठ उघडले की लगेच स्वर सुरू होतो. ‘फ’ला आधी हवा सुटते, तळहाताला लागते, मग स्वर येतो. (कोणी ‘फ’ दात ओठावर टेकवून म्हणतात, पण फुंकर तिथेही आहेच.) या दोन शब्दांत फरक काय तो त्या फुंकरीचा, आणि ती सेकंदाच्या दहाव्या भागाइतकीसुद्धा टिकत नाही. काल-खाल, ताट-थाट, सगळीकडे हाच कारभार.

आता फुंकरीचा आवाज कसा असतो? तिला ठरावीक सूर नसतो. अनेक वारंवारतांची ती एक सरमिसळ खसखस असते. पत्र्यावर पडणाऱ्या हजारो थेंबांचा आवाजही त्याच जातीचा, फक्त कितीतरी मोठा. स्वरांचं तसं नाही. ते दमदार असतात, खालच्या वारंवारतांत असतात, म्हणून गोंगाटातूनही वर येतात. पाऊस शब्दातली फुंकर तेवढी गिळतो आणि स्वर ठेवतो. ‘फळ’मधली फुंकर काढून टाका, काय उरलं?

तुम्ही-आम्ही त्याच पत्र्याखाली बसलो असतो तर ‘फळ’च ऐकलं असतं, कारण गाळलेल्या जागा आपला मेंदू गुपचूप भरतो. रिचर्ड वॉरन या मानसशास्त्रज्ञानं १९७० साली हे छान दाखवलं. ध्वनिमुद्रित वाक्यातल्या एका शब्दामधला एक ध्वनी त्यानं पूर्ण कापला आणि तिथे खोकल्याचा आवाज घातला. ऐकणाऱ्यांना शब्द अखंड ऐकू आला, इतका की खोकला नेमका कुठे होता हेही त्यांना सांगता येईना. ‘खळ्यात कों-डी दाणे टिपते’ यातली कोंबडी आपण अशीच पुरी करतो. पण त्यासाठी कोंबडी हा शब्द आधी डोक्यात हवा. तीन वर्षांच्या मुलाकडे ही पुंजी तोकडी असते, आणि आमच्याकडची मुलं घरी मालवणी बोलतात. घरात झील आणि चेडू, बालवाडीत मुलगा आणि मुलगी. जो शब्द शिकायला पोर आलंय, तोच शब्द आधी माहीत असल्याशिवाय त्याला पावसात ऐकू येणार नाही, असा हा पेच.

त्यात पावसाळ्यातलं सर्दीपडसं. या वयात कानाच्या पडद्यामागे पाणी साचणं फार सर्रास आढळतं. शाळेत जाण्याच्या वयापर्यंत बहुतेक मुलांना ते एकदा तरी होऊन जातं, दुखत नाही म्हणून कळत नाही, आणि तेवढे दिवस बोटं कानात घालून ऐकावं तसं ऐकू येतं. पोर नीट बोलत नाही म्हटलं की आपण वेखंड उगाळतो, देवळात जाऊन गाऱ्हाणं घालतो. देवाला विचारायचं तर विचारा, पण आधी कानाच्या डॉक्टरला विचारा. डोळे बांधून पुस्तक वाचायला शिकवतो म्हणणाऱ्या ‘मिडब्रेन’वाल्यांना हजारो रुपये मोजणारे पालक कानाची तपासणी मात्र खर्चात धरत नाहीत, याचं मला नवल वाटत आलंय.

थोडं गणित करू. साधं बोलणं एक मीटरवर साधारण ६० डेसिबल भरतं. अंतर दुप्पट झालं की त्यातले ६ कमी होतात. दोन मीटरवर ५४, चार मीटरवर ४८. हे मोकळ्या जागेचं. खोलीत भिंती आवाज परत पाठवतात, त्यामुळे घट इतकी नसते, पण परतलेला आवाज आधीचं अक्षर पुढच्या अक्षरावर सांडतो. लहान मुलांना बोलणं स्वच्छ कळायचं तर शिकवणाऱ्याचा आवाज गोंगाटापेक्षा १५ डेसिबलनी वर हवा असं मानतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शक सूचनांत वर्गातला पार्श्वभूमीचा आवाज ३५ डेसिबलवर राहू नये असं म्हटलंय. त्या सकाळी ताई आणि मी हातभर अंतरावरून ओरडून बोलत होतो, म्हणजे पत्राच ६०च्या पुढे होता. ताईंनी ७५ गाठायचे, तेही मागच्या चटईपर्यंत, तेही रोज. त्या म्हणाल्या, ‘पाऊस इलो की कायच ऐकाक येणा नाय, सर. घसो बसता.’

पत्रा इतका का वाजतो? अर्धा मिलिमीटर जाडीच्या पोलादी पत्र्याचं वजन चौरस मीटरला चार किलोच्या आत असतं. कौलांचं तेवढ्याच जागेत सुमारे दहापट. एकाच टपोऱ्या थेंबाच्या धक्क्यानं हलकी वस्तू जास्त हलणार, हे आलंच. शिवाय पत्रा सलग आणि ताणलेला, ढोलकीच्या पानासारखा. एका टोकाला बसलेला थेंब सगळ्या पत्र्याला कळतो. कौलं एकमेकांवर नुसती टेकलेली असतात, एकाची थरथर दुसऱ्यापर्यंत पोचता पोचता विझते. १८६५ साली मंगळूरच्या बासेल मिशनच्या कारखान्यात ही कौलं भाजायला सुरुवात झाली तेव्हा बालवाडी कोणाच्या डोक्यात नव्हती, पण सोय झाली खरी. मग पत्रे का आले? माकडांमुळे. ती कौलं फोडतात, आणि दर वर्षी कौलं चाळायला माणूस मिळत नाही. यात गावाला दोष देण्यात अर्थ नाही.

उपाय सांगताना लोक अंड्यांचे ट्रे आणतात. ते भिंतीला चिकटवले तर मुलांना रंगवायला मजा येईल, पाऊस थांबणार नाही. गोधड्या, चटया, जाड पडदे यांनी खोलीतला घुमारा खरंच कमी होतो. हवेचे कण धाग्यांच्या फटींत ये-जा करताना घासतात, आवाजाची उष्णता होते. पण वरून कोसळणारा आवाज वरच अडवायला हवा. थेंब पत्र्यावर पोचण्याआधी मऊ थरावर पडला तर त्याचा धक्का लांबतो. धक्का जितका लांब तितक्या वरच्या वारंवारता कमी, म्हणजे फुंकरीच्या जागा मोकळ्या. उन्हाळ्यात गारव्यासाठी पत्र्यावर झापं, म्हणजे माडाच्या विणलेल्या झावळ्या टाकतात, तीच पावसातही कामाची.

भिंतींबद्दल थोडक्यात. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात बालवर्गातल्या २४ मुलांना काही धडे चित्रांनी गच्च भरलेल्या खोलीत आणि काही साध्या भिंतींच्या खोलीत शिकवले. साध्या खोलीतल्या धड्यांवर ५५ टक्के उत्तरं बरोबर आली, भरलेल्या खोलीत ४२. प्रयोग छोटा आहे, त्यावरून जिराफ पुसायला जाऊ नका. निदान ताई जिथे बसतात त्यांच्या पाठीमागची भिंत तरी कोरी ठेवा.

ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये कोकणाच्या उत्तर टोकाला, समुद्राकाठच्या बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. वस्तीतल्या अंगणातच मुलं जमवायची ही त्यांची रीत. अंगणात आवाज परत पाठवायला भिंतच नसते, ताईंभोवती कोंडाळं करून बसलं की अंतरही हातभरच. फक्त आमच्या जुलैत अंगणाची तळी होते.

पावसाळ्याआधीच्या डागडुजीची वेळ आली तेव्हा मी ताईंना सुचवलं, ‘पत्र्यावर पेंढा पसरू, वरून मासेमारीचं जुनं जाळं बांधू, वाऱ्यानं जाणार नाही.’ त्यांनी क्षणभर पत्र्याकडे पाहिलं. ‘आणि सर, पेंढ्यात उंदीर होतले त्येचा काय?’ भौतिकशास्त्रात याला उत्तर नाही. मग नुसती झापं बांधायची ठरली. शेजारच्या घराची कौलारू पडवी सकाळचा तासभर मागून घेतली. नवे शब्द आता तिथे, अर्धवर्तुळात, गुडघ्याला गुडघा लावून. मोठी सर आली की बोलणं बंद आणि पोरं शिंपल्यांची वर्गवारी करतात, मोठे इकडे, छोटे तिकडे. परवा सर ओसरल्यावर ताईंनी फणसाचं चित्र उचललं. पळणारा तो मुलगा पहिल्या रांगेत होता. जागचा हलला नाही, फक्त ताईंच्या ओठांकडे बघत गाल फुगवून त्यानं जोरात फुंकर मारली. चित्र उडून खळ्यात पडलं.